छोटं वेब अ‍ॅप क्लाउडवर चढवलं, पण फोटो दुसऱ्या दिवशी गायब

रानपिंगळा

नमस्कार मंडळी. आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा पंधरा-सोळा जणांचा गट आहे. कोणी काय पाहिलं, कुठे, किती वाजता, हे आजवर आम्ही एका स्प्रेडशीटमध्ये लिहीत होतो. त्यात फोटो नीट बसत नाहीत, आणि एकाने अर्धीच निवड करून क्रमवारी लावली की सगळ्यांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात. म्हणून मी फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट लिहायचं साधन) शिकून छोटं अ‍ॅप लिहिलं. फॉर्म भरायचा, फोटो जोडायचा. नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जाते, फोटो 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये. लॅपटॉपवर महिनाभर बिनबोभाट चाललं.

गेल्या आठवड्यात ते एका क्लाउड प्लॅटफॉर्मवर चढवलं. गिट पुश केलं (कोड वर पाठवला) की बांधणी, डिप्लॉय, एचटीटीपीएस सगळं आपोआप होतं. पण तेव्हापासून रोज तेच चाललंय. संध्याकाळी टाकलेला फोटो रात्री दिसतो, सकाळी त्या जागी मोडक्या चित्राची खूण. नोंद शाबूत, फोटो नाही. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ सदस्यांनी खंड्याचा मासा धरतानाचा फोटो तीनदा चढवलाय. चौथ्यांदा त्यांना सांगायला जीव होत नाही. अपलोडचा कोड ओळ न् ओळ तपासला, लॉगमध्ये एकही एरर नाही. कुठे बघू?

जुना_टर्मिनल

कोडात चूक नाही, म्हणूनच लॉगमध्ये एरर नाही. फाइल खरोखर लिहिली जाते. ती ज्या डिस्कवर लिहिली जाते ती डिस्कच टिकत नाही.

अशा प्लॅटफॉर्मवर तुमचं अ‍ॅप कंटेनरमध्ये, म्हणजे एका बंदिस्त, तात्पुरत्या डब्यात चालतं. कंटेनर रीस्टार्ट झाला, नवीन डिप्लॉय झालं किंवा प्लॅटफॉर्मने अ‍ॅप दुसऱ्या मशीनवर हलवलं, की मूळ इमेजवरून (डिप्लॉयच्या वेळी बनलेल्या साच्यावरून) कोरी करकरीत प्रत उभी राहते. तुमच्या गिटमध्ये जेवढं होतं तेवढंच त्यात असतं. हेरोकू नावाच्या प्लॅटफॉर्मवर तर तुम्ही काही केलं नाही तरी साधारण दर २४ तासांनी डायनो (त्यांच्याकडचा कंटेनर) रीस्टार्ट होतो. तुमचा प्लॅटफॉर्म कोणता ते माहीत नाही, पण 'रोज सकाळी' म्हणताय त्यावरून असंच काहीतरी असणार. पोस्टग्रेस या कंटेनरच्या बाहेर वेगळं चालतं, म्हणून नोंदी वाचतात.

खात्री करून घ्या. प्लॅटफॉर्मच्या शेलमधून अपलोड्समध्ये 'खूण' नावाची रिकामी फाइल बनवा, होस्टनेम लिहून ठेवा, अ‍ॅप रीस्टार्ट करा आणि पुन्हा शेल उघडून बघा. शेल चालू कंटेनरमध्येच उघडतो ना तेवढं आधी पाहा. काही ठिकाणी शेलसाठी वेगळाच कंटेनर उभा राहतो आणि मग हा प्रयोग फसवतो.

मला या बाबतीत जुनी पद्धत बरी वाटते. गूगल अ‍ॅप इंजिन २००८ मध्ये आलं तेव्हा अ‍ॅपला डिस्कवर लिहायची परवानगीच नव्हती. पहिल्याच प्रयत्नात एरर यायची आणि माणूस पहिल्याच दिवशी शिकायचा. आता डिस्क लिहू देते आणि नंतर विसरते, त्यामुळे धडा मिळतो तो कोणाचे तरी फोटो गेल्यावर.

शून्यबाइट

+१. पण माझं मत थोडं वेगळं आहे. पंधरा माणसांच्या अ‍ॅपला एवढा पसारा कशाला? एक छोटी व्हर्च्युअल मशीन भाड्याने घ्या. त्यावर कॅडी हा वेब सर्व्हर बसवा, एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र तो स्वतः आणतो आणि स्वतः नवं करतो. अ‍ॅप सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाखाली चालवा. डेटाबेसला एसक्यूलाइट पुरेल, तो एका फाइलमध्येच राहतो. फोटो फोल्डरमध्येच राहू द्या, ते कुठेही जात नाहीत. चार वर्षं माझी तीन छोटी अ‍ॅप्स एकाच मशीनवर अशी चालू आहेत.

निशाचर

शून्यबाइट, पद्धत चांगलीच आहे, पण तिच्यासोबत येणारं काम सांगितल्याशिवाय ती नवख्या माणसाला सुचवू नये असं मला मनापासून वाटतं.

मशीन इंटरनेटवर आली की काही मिनिटांत एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून 'रूट', 'अ‍ॅडमिन' अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न सुरू होतात. पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त कीने (गुप्त किल्लीच्या फाइलने) चालू ठेवायचं, फायरवॉल लावायची, सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील असं करायचं, लॉग रोटेट होतात ना, म्हणजे जुने लॉग आपोआप काढले जातात ना, ते बघायचं. हे शेवटचं मी एकदा राहू दिलं होतं. एका संस्थेच्या नोंदणीच्या साइटवर लॉग फुगत गेला, डिस्क १०० टक्के भरली आणि पोस्टग्रेस बंद पडलं. लिहायला जागाच नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार? नोंदणीचा शेवटचा दिवस होता. लोक फोन करत होते आणि मी प्रवासात. त्या दिवसापासून डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मला ईमेल येतो.

रानपिंगळा, तुम्हाला लिनक्स सांभाळायची हौस असेल तर शून्यबाइट म्हणतात तसं करा. नोंदवही चालवायची असेल आणि उरलेला वेळ पक्ष्यांना द्यायचा असेल तर प्लॅटफॉर्मवरच राहा.

शून्यबाइट

मान्य. अपडेट आणि फायरवॉल हे मी गृहीतच धरलं होतं, लिहायला हवं होतं.

तळ्याकाठी

एसक्यूलाइटबद्दल थोडं. त्याला कमी लेखू नये. दिवसाला एक लाखापेक्षा कमी हिट असलेल्या कुठल्याही साइटला ते पुरेल असं त्यांच्याच कागदपत्रांत लिहिलंय, आणि २०१० मध्ये ३.७.० आवृत्तीपासून डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) आल्यावर एकजण लिहीत असताना बाकीचे वाचू शकतात. अट एकच, सगळ्या प्रक्रिया एकाच मशीनवर हव्यात. डब्ल्यूएएल नेटवर्कवरच्या डिस्कवर चालत नाही. म्हणजे शून्यबाइट यांच्या मशीनवर उत्तम, पण रानपिंगळा यांच्या प्लॅटफॉर्मवर टिकाऊ डिस्क न जोडता एसक्यूलाइट ठेवलं असतं तर फोटोंबरोबर नोंदीही गेल्या असत्या. पोस्टग्रेस निवडलंत तेच वाचवणारं ठरलं.

गूगलच्या क्लाउड रनवर आणखी एक गोष्ट आहे. तिथे कंटेनरमध्ये लिहिलेली फाइल मेमरीतच जाते. फोटो साठत गेले की अ‍ॅपची मेमरी संपते, आणि कोणी डिस्ककडे बघतच नाही.

रानपिंगळा

प्रयोग केला. 'खूण' गेली, होस्टनेमही बदललं. म्हणजे मी आठवडाभर दुसऱ्याच्या फळ्यावर लिहीत होते आणि तो रोज पुसला जात होता. सगळ्यांचे आभार. प्लॅटफॉर्मवरच राहते.

मग फोटो ठेवू कुठे? पोस्टग्रेसमध्येच टाकले तर?

जुना_टर्मिनल

पोस्टग्रेसमध्ये जातील, पण नको. बॅकअप जड होतो, रिस्टोअरला वेळ लागतो आणि छोट्या प्लॅनवरची जागा फोटोच खातात. त्यासाठी ऑब्जेक्ट स्टोरेज आहे, म्हणजे फाइली ठेवायची बाहेरची वेगळी जागा. अमेझॉनचं एस३ २००६ पासून हेच काम करतंय आणि आज बहुतेक क्लाउडवाल्यांकडे एस३सारखाच एपीआय (कोडमधून बोलायची पद्धत) असलेली बकेट, म्हणजे फाइलींचा डबा, मिळते. त्यामुळे पुढे जागा बदलली तरी कोड फारसा बदलत नाही.

डेटाबेसमध्ये फोटोचा पूर्ण पत्ता ठेवू नका, फक्त की (फाइलचं बकेटमधलं नाव) ठेवा, म्हणजे 'नोंदी/२०७/अ.जेपीजी' असं काहीतरी. बकेट बदलली की एका सेटिंगमध्ये काम होतं. कीमध्ये मूळ फाइलचं नाव वापरू नका, कॅमेरे तीच तीच नावं देत राहतात आणि एकाचा फोटो दुसऱ्यावर बसतो. आणि बकेट सार्वजनिक करू नका. सही केलेली तात्पुरती लिंक द्या, दहा मिनिटांची मुदत पुरे.

रानपिंगळा

बकेट झाली, फोटो टिकतायत. पण आता नवीनच सुरू झालं. दोघा-तिघांनी एकदम मोठे फोटो चढवले की अ‍ॅप मधूनच मरतं. लॉगमध्ये फक्त 'एक्झिट कोड १३७'. मेमरी ५१२ एमबी, ते चालवणाऱ्या गनिकॉर्न सर्व्हरचे ४ वर्कर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ४ प्रती. फोटो तर जास्तीत जास्त ९ एमबीचे आहेत, मग मेमरी कशी संपते? सेटिंगची फाइल खाली चिकटवते आहे.

[मजकूर संपादकांनी काढला]

निशाचर

आधी हे. तुम्ही चिकटवलेल्या फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता पासवर्डसकट होता. संपादकांना कळवलं, त्यांनी काढला. पण तो लोकांच्या नजरेस पडलेला आहे, त्यामुळे आत्ताच बदला. खोडलेला पासवर्ड हा बदललेला पासवर्ड नसतो. आणि ही फाइल गिटमध्ये असेल तर पुढच्या कमिटमध्ये काढूनही ती इतिहासात राहते. पासवर्ड, बकेटची की, फ्लास्कची सिक्रेट की, तिन्ही नवीन करा आणि प्लॅटफॉर्मच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. सिक्रेट की बदलली की सगळे सदस्य लॉगआउट होतील, त्यांना आधी सांगून ठेवा.

रानपिंगळा

बदललं. तिन्ही. गिटमध्येही होती. आता रेपोत फक्त नावं आहेत, किमती प्लॅटफॉर्मवर. एवढ्या पटकन सांगितलंत, खरंच आभार.

जुना_टर्मिनल

आता १३७. हा आकडा १२८ अधिक ९. ९ म्हणजे सिगकिल, म्हणजे बाहेरून कोणीतरी प्रक्रिया मारली, आणि कंटेनरमध्ये बहुतेक वेळा ते मेमरी संपल्यामुळे होतं. पायथनला एरर छापायचीही संधी मिळत नाही, म्हणून लॉग मुका.

९ एमबी हा दाबलेल्या जेपेगचा आकार. उघडल्यावर काय होतं ते मांडून बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो, ६००० गुणिले ४०००, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे ७२ एमबी. तो फिरवला की दुसरी प्रत, लहान केला की आणखी थोडी जागा. एक वर्कर सहज दीडशे एमबी घेतो. तिघे एकदम आले की ५१२ कुठे पुरणार?

तुम्ही पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीमध्ये 'रिसाइझ' वापरत असाल तर 'थंबनेल' वापरा. नावं सारखी वाटली तरी जेपेगसाठी फरक मोठा आहे. थंबनेल डीकोडरला आधीच सांगतं की मला पूर्ण चित्र नको, निम्मं, पाव किंवा एक अष्टमांश दे. पूर्ण ७२ एमबी कधी उलगडतच नाहीत. आणि फोटो सरळ करायचा 'एक्झिफ ट्रान्सपोज' थंबनेलनंतर करा. आधी केलात तर आडव्या-उभ्या फोटोंसाठी तो पूर्ण चित्र उलगडतो आणि सगळी बचत वाया जाते.

वर्कर ४ ऐवजी २ करा. पंधरा माणसांना भरपूर झाले.

तळ्याकाठी

आणखी पुढे जाऊन, मूळ फोटो अ‍ॅपमधून नेऊच नका. सर्व्हरने फक्त सही केलेली अपलोड लिंक द्यायची, ब्राउझर थेट बकेटमध्ये टाकतो. बकेटवर सीओआरएसचा नियम (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या विनंत्यांना परवानगी देणारा) लावावा लागेल, नाहीतर ब्राउझर अडवेल. डोंगरातून कमी रेंजमध्ये कोणी फोटो चढवला तर अ‍ॅपची टाइमआउटची मर्यादाही आड येत नाही. हेरोकूवर राउटर पहिल्या उत्तराची ३० सेकंदच वाट बघतो, बाकीच्यांचीही काही ना काही मर्यादा असतेच.

पाऊलखुणा

धागा वाचत होते, पहिल्यांदाच लिहिते आहे. मी प्रोग्रामर नाही, पण पक्ष्यांवर काम करते आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून.

फोनवर काढलेल्या फोटोत जीपीएसचे आकडे असतात. तुमच्या नोंदवहीत घरट्याचा फोटो आला आणि तो जसाच्या तसा उतरवता आला, तर घरट्याची जागा काही मीटरच्या अचूकतेने जगासमोर जाते. घुबडांच्या आणि शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत याचा परिणाम फार वाईट होतो. अंडी, पिल्लं चोरणारे असतात, आणि नुसती फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली तरी पक्षी घरटं सोडून जातात. कृपा करून यावर काहीतरी करा.

रानपिंगळा

पाऊलखुणा, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे दोन घरट्यांचे फोटो आहेतच. आत्ता लगेच लपवले.

जुना_टर्मिनल

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. उपाय सोपा आहे. पानावर दाखवायची फक्त नव्याने जतन केलेली लहान प्रत. पिलो जेपेग जतन करताना तुम्ही एक्झिफ (फोटोसोबतची माहिती, जीपीएस त्यातच असतं) वेगळं दिलं नाही तर लिहीत नाही, पण विश्वासावर राहू नका, जतन झालेली फाइल उघडून जीपीएस गेलंय का ते तपासा. मूळ फाइल बंद बकेटमध्ये, तिची लिंक कोणालाच नाही. नोंदीतली जागाही घरट्यांसाठी किलोमीटरभराच्या चौकोनात गोल करून दाखवा, अचूक आकडे डेटाबेसमध्ये राहू द्या.

वाटसरू_२

प्रश्न. माझंही असंच अ‍ॅप आहे, पण वापर नसला की झोपतं आणि पहिलं पान उघडायला अर्धा मिनिट जातो. दर दहा मिनिटांनी पिंग करणारं काहीतरी लावू का?

निशाचर

आधी तो अर्धा मिनिट जातो कुठे ते मोजा. पायथन ३.७ पासून 'मायनस एक्स इम्पोर्टटाइम' असा पर्याय आहे, कुठलं मॉड्यूल किती वेळ खातं ते छापतो. मी पाहिलेल्या दोन-तीन अ‍ॅप्समध्ये वर्षातून एकदा लागणाऱ्या अहवालासाठी पांडाज (तक्त्यांवर काम करणारी जड लायब्ररी) फाइलच्या सुरुवातीलाच इम्पोर्ट केलेलं होतं. ते त्या फंक्शनच्या आत नेलं की सुरुवातच हलकी झाली. तरीही नाही जमलं तर एक प्रत कायम जागी ठेवायचे पैसे भरा. पिंग मारून फुकटची मर्यादा ताणणं मला योग्य वाटत नाही, आणि नियम बदलले की ते एका दिवसात बंद पडतं. हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकटचे डायनो बंद करायला सुरुवात केली तेव्हा किती छोटी, चांगली अ‍ॅप्स गेली. मालकांना काळजी नव्हती असं नाही, पण हलवायची तयारी नव्हती.

वाटसरू_२

पांडाजच होतं! धन्यवाद.

शून्यबाइट

हलवायच्या तयारीवरून: स्वतःचं डोमेन पहिल्या दिवसापासून घ्या. प्लॅटफॉर्मने दिलेला पत्ता लोकांच्या बुकमार्कमध्ये एकदा बसला की सुटत नाही. 'नोंदी' असं काही सबडोमेन करा, त्याला सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) लावता येतो. मूळ डोमेनला डीएनएसच्या नियमांनुसार सीनेम चालत नाही, त्यात बरेच जण अडकतात. हलवायच्या आदल्या दिवशी टीटीएल (डीएनएसचं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा.

आणि बिल. बजेट अलर्ट म्हणजे फक्त ईमेल, तो खर्च थांबवत नाही. थांबवायचं असेल तर अ‍ॅपच्या जास्तीत जास्त किती प्रती उभ्या राहतील ती मर्यादा स्वतः घाला. पंधरा जणांना दोन खूप.

तळ्याकाठी

बॅकअपचा विषय कोणी काढला नाही म्हणून काढते. गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटची ३१ जानेवारी २०१७ ची घटना वाचा, त्यांनी स्वतःच सविस्तर लिहिली आहे. चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप बघायला गेले तर एस३ची बकेट रिकामी. पोस्टग्रेस ९.६ चं होतं आणि बॅकअप घेणारा पीजी_डंप ९.२ चा चालत होता, तो दर वेळी अपयशी होऊन थांबत होता. अपयशाचे ईमेल जात होते, पण ईमेल खरा त्याच पाठवणाऱ्याचा आहे का हे बघणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत ते नाकारले जात होते. शेवटी योगायोगाने सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. एवढी तयार माणसं, आणि तरी.

म्हणून बॅकअप 'चालू आहे' यावर थांबू नका. परत उभा करून बघा.

रानपिंगळा

काल रविवारी पूर्ण दुपार यातच गेली. जे झालं ते लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पीजी_डंप घेतला. पहिल्याच फटक्यात अडला, कारण सर्व्हरची आवृत्ती माझ्या लॅपटॉपवरच्या डंपपेक्षा नवीन. अगदी तळ्याकाठी यांनी लिहिलेलंच. नवीन आवृत्ती बसवली, डंप झाला, लॅपटॉपवर रिकामा डेटाबेस करून त्यात उतरवला. नोंदी मोजल्या, दोन्हीकडे ४१२. मग अ‍ॅप त्या डेटाबेसला जोडून एकेक पान उघडत गेले आणि पहाटेच्या नोंदी बघून थांबले. लॅपटॉपवर त्या बरोबर तारखेला, क्लाउडवरच्या अ‍ॅपमध्ये आदल्या दिवशी! सर्व्हर यूटीसीत (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) चालतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमचे निम्मे पक्षी पहाटेचे, म्हणजे महिनाभराची रोजची यादी चुकीची होती आणि कोणाला शंकाही आली नाही. आता कॉलम 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' केला, आणि पाहिल्याची तारीख सदस्य लिहील तशी वेगळी ठेवली.

घरट्यांचे फोटो नवीन पद्धतीने जतन झाले, जीपीएस गेलंय हे दोन्ही फाइली उघडून पाहिलं. डंप रोज रात्री वेगळ्या खात्यातल्या बकेटमध्ये जातो. आणि खंड्याचा फोटो चौथ्यांदा मागितला. त्यांनी काही न बोलता लगेच पाठवला. आज चौथा दिवस, मधे दोन डिप्लॉय झाले, जागेवर आहे.

जुना_टर्मिनल

फार छान. फोटोंच्या बकेटवर व्हर्जनिंग चालू केलंत का? डंपमध्ये फोटो नाहीत. एखाद्याने चुकून पुसला तर फक्त की उरेल.

रानपिंगळा

नव्हतं. आत्ता केलं. जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी जातील असा नियमही लावला. एक चाचणीचा फोटो पुसून परत आणून बघितला, आला.

पाऊलखुणा

चौकोनात गोल केलेली जागा पाहिली. मनापासून आभार. आमच्या गटालाही अशी नोंदवही हवी आहे, कोड देऊ शकाल का?

रानपिंगळा

नक्की. गिटच्या इतिहासात जुना पासवर्ड आहे, तो बदललेला असला तरी नवीन रेपो करून स्वच्छ प्रत देते. दोन दिवस द्या.